कोमट पाण्यातलं सोनं

नुसुपने लाकडी परात हलवली तसं कुरणात जमलेलं सगळं साझ-बुलाक गाव पुढे झुकलं. चिखलाचं पाणी काठावरून ओघळलं आणि तळाशी चार पिवळे कण चमकले. म्हाताऱ्यांनी दुआ मागत चेहऱ्यावरून हात फिरवले. एक बाई तर रडायलाच लागली. गाव तीन दिवस हेच बघत होतं आणि रोज तितकंच थक्क होत होतं.

"सोनं थंडीनं आखडतं," नुसुप समजावत होता. "नदीच्या बर्फाळ पाण्यात ते अंग चोरून बसतं. म्हणून मी चहाच्या समोवारमधलं कोमट पाणी घेतो. ही विद्या पुस्तकात नाही. सात पूर्वजांनी मला ती स्वप्नात दिली."

पूर्वजांनी विद्या दिली खरी, पण सर्टिफिकेट त्याला बिश्केकहून आणावं लागलं होतं. काचेच्या चौकटीतलं ते सर्टिफिकेट त्यानं एका खांबाला टांगलं होतं. 'आंतरराष्ट्रीय धातुशोध अकादमी, महागुरू', आणि खाली पाच शिक्के. शिक्क्यांवर काय लिहिलंय ते कुणी वाचलं नव्हतं. मोजले मात्र सगळ्यांनी होते.

बुरुल मागे उभी राहून दातओठ खात होती. एकतीस वर्षं तिनं भूगर्भ खात्याच्या तुकडीबरोबर डोंगरातले ओढे पालथे घातले होते. गार पाण्यात रेती धुऊन धुऊन तिची बोटं वाकडी झाली होती, पण मोहरीएवढा कणही तिच्या परातीतून निसटत नसे. गावाच्या लेखी ती होती मुखिया साम्साकची रिटायर झालेली थोरली बहीण, सगळ्यांची 'एजे', म्हणजे ताई, जी चहा बरा करते.

"साम्साक, अरे ही चिकणमाती आहे," ती भावाला चौथ्यांदा सांगत होती. "या कुरणातून कधी नदी वाहिलेली नाही. सोनं असतं तिथं परातीत आधी काळी, जड रेती उरते. याच्या परातीत दिसली का एकदा तरी?"

"एजे, तुझ्याकडे कागद आहे का?"

"तुकडी बंद पडली तेव्हा कागद ऑफिसबरोबर गेले. हात आहेत."

"हात सगळ्यांनाच असतात. त्याच्याकडे पाच शिक्के आहेत."

बुरुलनं कुरणाकडे पाहिलं. गावाची जनावरं सहा महिन्यांचा हिवाळा याच कुरणाच्या गवतावर काढत. वरची माती एकदा खरवडली की दहा वर्षं तिथं काही उगवणार नव्हतं. साम्साकनं मागवलेलं खोदाईचं यंत्र आलंसुद्धा होतं. सकाळी त्यानं कडेचा एक पट्टा उलटा केला होता, बाकीचं काम जेवणानंतर होतं. घरटी एक घोडी नुसुपची दक्षिणा म्हणून बांधून ठेवली होती.

बुरुल गर्दीतून वाट काढत परातीपाशी गेली. कण तिनं पाहिलेच नाहीत, तिची नजर पाण्यावर खिळली. रश्श्यावर तरंगतात तसे चरबीचे बारीक ठिपके तिथं फिरत होते.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. परातीला तेलकटपणा लागला की बारीक सोनं तरंगून वाहून जातं, हा धंद्यातला पहिला धडा. तुकडीचा उस्ताद परात राखेनं घासायला लावायचा, साबणानं हात धुतल्याशिवाय तिला शिवू द्यायचा नाही. आणि हा महागुरू तुपकट हातांनी सोनं धुतो? तिनं त्याची लांब, काठोकाठ भरलेली नखं पाहिली. मग कोमट पाणी आठवलं. तिला सगळं कळलं, पण ते नुसतं सांगण्यात अर्थ नव्हता. तीन दिवस कंठशोष करून काय मिळालं होतं?

दुपारी साम्साकच्या तंबूत पानं मांडली. जेवणाआधी पाहुण्याच्या हातावर पाणी घालायचं काम घरातल्या धाकट्याचं, पण किटली आणि तस्त बुरुलनंच उचललं.

"नको एजे, बोटं भिजवली की झालं," नुसुप म्हणाला.

"असं कसं? पाहुणा धड हात न धुता जेवला तर भावाची अब्रू जाईल. हा साबण घ्या. नखंसुद्धा चोळा, दिवसभर मातीत असता बिचारे."

सगळे बघत होते. नुसुपला नाही म्हणता येईना. बुरुलनं गरम पाण्याची अख्खी किटली त्याच्या हातांवर रिती केली. तो हात झटकणार तोच तिनं टॉवेल पुढे केला. "झटकू नका, बरकत जाते."

मग ती तस्त घेऊन बाहेर गेली. लोक तिच्यामागे आले. तिनं ते पाणी आपल्या परातीत ओतलं आणि हलक्या हातानं फिरवत काठावरून सोडलं. तळाशी सात पिवळे कण राहिले.

"यात कुरणातली माती नाही," ती म्हणाली. "हे महागुरूंच्या नखांतलं आहे. मेंढीच्या चरबीत कालवून भरलेलं. कोमट पाण्यानं चरबी सुटते, सोनं तळाशी बसतं. आणि हात लावून बघा, कडा कशा खरखरीत आहेत. ओढ्यातलं सोनं घासून घासून गुळगुळीत झालेलं असतं. हा कानशीचा चुरा आहे, कुणाच्या तरी अंगठीचा."

नुसुप चाचरला. "इतकी वर्षं सोन्याच्या मागे आहे. माझ्या अंगातच भिनलंय ते."

"मग आमच्या घोड्या सोड," मघाची रडणारी बाई म्हणाली, "आणि स्वतःलाच खण."

चौकट काखेत मारून नुसुप खाली मान घालून निघाला. घोड्या राहिल्या. साम्साक मात्र अजून घुटमळत होता.

"एजे, म्हणजे कुरणात काहीच नाही ना? तू म्हणतेस तर मानतो."

आता मात्र बुरुलचा तोल सुटला. "काल शिक्के मानलेस, आज बहीण मानतोस. उद्या आणखी कुणी येईल, त्यालाही मानशील. अरे, डोकं कशासाठी दिलंय? ही घे परात. साबणानं हात धू, वाटेल तिथली माती घे, नदीचं गार पाणी घे आणि स्वतः बघ. आणि तुम्हीसुद्धा, सगळ्यांनी. मी सांगते म्हणूनही मानू नका."

साम्साक अस्तन्या सारून नदीवर बसला. संध्याकाळपर्यंत त्यानं कुरणाच्या नऊ ठिकाणची माती धुतली. बोटं निळी पडली. नऊही वेळा परात कोरी निघाली. मग तो उठला, यंत्राच्या ड्रायव्हरपाशी गेला आणि त्याला परत जायला सांगितलं.

"नक्की ना?" ड्रायव्हरनं विचारलं. "कोण म्हणालं?"

"कुणी नाही," साम्साक म्हणाला. "मी धुऊन पाहिलं."