वैरणीवरचा फ्लेक्स

"सांग की. तुझ्याच तोंडानं सांग तिला," विजयसिंह म्हणाला आणि ताटातलं हाड त्यानं बाजूला ठेवलं.

उदयसिंहानं मान वर केली नाही. रविवार होता, मटण शिजलं होतं, आणि या घरात रविवारचं मटण कधी सुखानं पोटात उतरत नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आठवडाभराचं भांडण थोरला भाऊ विजयसिंह त्याच दिवसासाठी राखून ठेवायचा. समोर अनुजा बसली होती, विजयसिंहाची मुलगी, नुकतीच बारावी झालेली. फिजिक्समध्ये तिला कॉलेजात सगळ्यांत जास्त मार्क पडले होते. तिला तेच घेऊन बीएस्सी करायची होती, पुढं विद्यापीठातून एमएस्सी. म्हणजे काका ज्या वाटेनं गेला, त्याच वाटेनं. आणि बापानं बावड्याच्या मेन रोडला एक गाळा घेऊन ठेवला होता. दही, तूप, खवा, पनीर. गल्ल्यावर बसायला घरचं माणूस पाहिजे होतं. प्रवेशाची मुदत गुरुवारी संपत होती.

"तुझं ऐकती ती," विजयसिंह म्हणाला. "माझं कशाला ऐकंल? मी शेणातला माणूस."

शेणातला माणूस म्हणे. गोठ्यात म्हशींची रांग, दूध कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ गिऱ्हाइकांची रांग, दारात गाडी. तरी हे वाक्य तो असं टाकायचा की ऐकणाऱ्यानंच जाऊन हात धुवावेत. धोंडुबाई, दोघांची आई, मध्ये पडली आणि जेवू दे की त्याला म्हणाली. विजयसिंहानं ऐकलं नाही. त्यानं पोरीकडं बघत धाकट्या भावाचा हिशेब मांडायला घेतला. हा बघ तुझा काका. एमएस्सी झाला, नेट झाला, सेट झाला, वर डॉक्टर झाला. तुझी आजी सोडली तर ह्या घरात ह्याच्याएवढा उपास कुणी काढत नसंल.

"विद्यापीठाची फी किती हुती दादा?" उदयसिंह शेवटी बोलला. "सरकी पेंडीचं पोतं महाग हुतं."

"फीचं कोण बोलालंय? फी सरकारी, स्वस्तच असणार. पण वय गेलं ते काय सरकारनं दिलतं काय तुला?"

उदयसिंह चाळिशीला टेकला होता आणि एका कॉलेजात सीएचबीवर शिकवत होता. सीएचबी म्हणजे घेतलेल्या तासाचे पैसे, न घेतलेल्या तासाचं काही नाही. दिवाळीची सुट्टी स्वतःच्या खर्चानं, उन्हाळ्याची भावाच्या. जून-जुलै आला की त्याच खुर्चीसाठी पुन्हा नव्यानं मुलाखत. एकदा तर मुलाखत घेणाऱ्यांत त्याचाच जुना विद्यार्थी बसला होता, दोनदा नापास झालेला. त्याच्या बापानं कुठल्याशा संस्थेला मागेल तेवढं दिलं आणि पोरगं पर्मनंट झालं. तसा निरोप उदयसिंहालाही आला होता. तो भावाकडं गेला, रस्त्याकडेची जागा विकायची का म्हणाला. विजयसिंह धार काढता काढता नुसता हसला होता. "पैसं मोजूनच नोकरी घ्यायची हुती, तर शिकलास कशाला?"

आणि जे बोलणं बिनउत्तराचं राहतं, ते माणूस बोलणाऱ्याला कधी माफ करत नाही. उदयसिंहानंही केलं नाही.

लग्नाचं तर विचारू नका. पाहुणे यायचे, पोरगा प्राध्यापक म्हटल्यावर सावरून बसायचे, मग हळूच विचारायचे, पर्मनंट हाय न्हवं? त्यानंतर चहा कपातच राहायचा. एका पाहुण्यानं जाता जाता विजयसिंहाला बाजूला घेऊन विचारलं होतं, तुमच्या भावकीत दुसरं कोण गोठा बघणारं पोरगं हाय का? विजयसिंहानं ही गोष्ट सगळ्या बावड्याला सांगितली होती. हसत सांगितली होती.

तरी त्या रविवारी उदयसिंहाकडं सांगण्यासारखं एक होतं. गेली दोन वर्षं रोज संध्याकाळी अनुजा जिना चढून त्याच्या खोलीत यायची. एकदा त्यानं तिला दुधानं भरलेली किटली हातात धरून डोक्यावरून गरगर फिरवायला लावली होती, झाकण काढून. आधी ती घाबरली. मग फिरवली, आणि दूध सांडत नाही म्हटल्यावर थांबेना. विजयसिंहानं दोघांनाही आईबापावरून शिव्या घातल्या, थेंब सांडला नव्हता तरी. जिन्यात बसून दोघं पोट धरून हसली होती. कॉलेजातल्या मागच्या बाकांसमोर त्याचा जो घसा सुकायचा, तो त्या खोलीत कधी सुकला नाही. एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

पण आदल्याच दिवशी कॉलेजातून फोन आला होता. यंदा पोरं कमी, तास कमी, सर, मुलाखतीला येऊ नका. घरात त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. आणि आता समोर भाऊ हाडं चोखत विचारत होता, सांग की.

"खरं सांगू का अनुजा?" तो म्हणाला. "नको शिकू."

मग तो सुटलाच. त्यानं मुलाखती सांगितल्या, तो नापास विद्यार्थी सांगितला, सहा-सहा महिने न निघालेली तासांची बिलं सांगितली. ज्या पाहुण्यांचं नाव घरात कुणी काढत नव्हतं त्यांचंही सांगितलं. बोलता बोलता आवाज चढला. धोंडुबाई उठून आत गेली. तो बोलत होता पुतणीशी, पण एकेक शब्द मारत होता भावाला, आणि भावाला लागत नाही म्हणून अजून जोरात मारत होता.

"आणि हे सगळं करून घरात काय किंमत मिळती, ते गोठ्याकडं जाऊन बघ," तो म्हणाला. "डॉक्टर झालो तवा तुझ्या बापानं चौकात फ्लेक्स लावलता, सगळ्यांत मोठा. आता त्यो वैरणीवर हाय. माझं तोंड पालथं घालून."

खोटं नव्हतं ते. चार वर्षांपूर्वी बावड्याच्या चौकात तो फ्लेक्स लागला होता. फ्लेक्सवाल्यानं उदयसिंहाच्या गळ्याखाली कुणाचा तरी निळा कोट चिकटवला होता, आणि खाली कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून विजयसिंहाचा फोटो, मिशीला पीळ दिलेला. पंधरा दिवसांनी तो उतरवला आणि गोठ्याबाहेरच्या कडब्यावर गेला. फ्लेक्सचं शेवटी तेच होतं, आमदाराचा असो नाहीतर वाढदिवसाचा. पण पांढरी बाजू वर आणि चेहरा खाली कडब्यात, हे उदयसिंहानं पहिल्याच दिवशी माडीवरून बघितलं होतं. भावाला आपलं तोंडसुद्धा बघवत नाही. त्यानंतर तो गोठ्यात फारसा गेलाच नाही.

विजयसिंहानं त्याच्याकडं बघितलं. जिंकल्याचा आनंद त्या बघण्यात नव्हता. काय होतं ते उदयसिंहाला कळलं नाही. "झालं?" एवढंच विचारून त्यानं ताटात हात धुतला, रस्सा अर्धा तसाच ठेवून.

अनुजा अजून बसून होती. "काका, हे पप्पांवर राग म्हणून बोलालाय, का माझ्यासाठी?"

तिथंही वेळ होती. पण तापलेल्या माणसाला मागं येता येत नाही. "तुझ्यासाठीच," तो म्हणाला.

"मग बसतो की मी दुकानात," ती म्हणाली, आणि सगळ्यांची ताटं गोळा करून आत घेऊन गेली.

घरात उदयसिंहाचा शब्द जसाच्या तसा चालला, असं पहिल्यांदाच घडत होतं.

गुरुवार आला आणि गेला. पुढच्या आठवड्यात दुकान उघडलं. वर नवाकोरा फ्लेक्स, अनुजा डेअरी, आणि तिचा हसरा फोटो बारावीच्या ओळखपत्रावरचा. उदयसिंह उद्घाटनाला उभा राहिला, पेढा खाल्ला. ती पनीर कापत होती, नीट, सारख्या तुकड्यांत. गिऱ्हाइकांशी गोड बोलत होती. त्याला बघून म्हणाली, काका, चहा पिऊन जावा. रुसली असती, दोन शब्द तोडून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं तसं काही केलं नाही. संध्याकाळी जिना रिकामा राहू लागला. तो खोलीत दिवा लावून बसायचा आणि पावलं वाजली की कान द्यायचा. पावलं आईची असायची, जेवायला बोलवायला आलेली.

एका दुपारी ट्रॉलीभर कडबा आला. गडी नव्हता. पाऊस दाटायच्या आत जुन्या वैरणीवर नवी रचायची, म्हणून धोंडुबाईनं खालून हाक मारली. उदयसिंह कुरकुरत उतरला. फ्लेक्सच्या कोपऱ्यांना बांधलेले दगड तिनं सोडले, दोघांनी दोन टोकं धरली आणि तो ओढून अंगणात टाकला. टाकताना तो उलटला.

उदयसिंह समोरच उभा होता, निळ्या कोटात. रंग जरासुद्धा गेला नव्हता. लाल अक्षरातला 'डॉ.' काल छापल्यासारखा. चार उन्हाळे, चार पावसाळे, आणि कपाळावरचा गंधाचा टिळाही जागच्या जागी. फक्त जिथं तिथं कडब्याचं भुसकट चिकटलं होतं. धोंडुबाई खाली बसली आणि पदरानं ते झटकू लागली, आधी तोंडावरचं.

"आई, ह्यो पालथा कोण घालतंय?"

"विजयच सांगतोय तसा घालायला," ती म्हणाली. "तोंड वर केलं तर एका उन्हाळ्यात रंग जाईल म्हणतोय. ताडपत्री आणलीया की त्यानं, त्याला काय तोटा? ती म्हशींवर छपराला बांधली. ह्यो हितंच असू दे म्हणला, घरात ठेवला तर उंदरं खातील."

उदयसिंहाला आपली लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून भावाचा आणखी राग आला. हे असलं प्रेम काय करायचं, जे चार वर्षं कडब्यात तोंड घालून पडतं? माणसानं एकदा बोलून दाखवावं की. तो तडक गोठ्यात गेला. विजयसिंह म्हशीच्या कुशीला डोकं टेकून धार काढत होता.

"दादा, अनुजाला कॉलेजात घाल. जागा असतील अजून. मी बोलतो तिथल्या लोकांशी."

"आता? तू सांगितलंस, ती बसली."

"सांग म्हणून तूच मागं लागलतास."

"लागलतो." चरवीत धारेचा आवाज चालूच होता. "मला वाटलं तू भांडशील."

"म्हणजे?"

"आजपतूर मी काय बी बोललो की तू अंगावर यायचास. मला वाटलं, ह्या खेपंला बी येईल. पोरीसाठी तरी येईल. मला तेवढंच बघायचं हुतं, त्या शिक्षणात काय राम हाय का न्हाय. मला कुठनं कळणार ते? शिकलाईस तू." तो थांबला. "तूच नको म्हणालास, मग मी कोण घाल म्हणणारा?"

"मी रागात बोललो. मी सांगतो तिला तसं."

"मी इचारलं तिला परवा. म्हटलं, काका रागात बोलला असंल, जातीस का?" विजयसिंहानं पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडं बघितलं. "म्हणली, काका मला कधी खोटं सांगत न्हाईत."

म्हशीनं शेपटी मारली. विजयसिंह परत धारेला लागला. उदयसिंहाला वाटलं, याच्या पुढ्यातली चरवी लाथेनं उडवावी. पण ते दूध अनुजाच्या दुकानात जायचं होतं. तो वळला आणि बाहेर आला.

पुढचा तासभर त्यानं आईला बोलू न देता एकट्यानं कडबा रचला. पेंढीवर पेंढी, हात सोलवटून घेत. वर फ्लेक्स टाकायची वेळ आली तेव्हा धोंडुबाई दगड घेऊन उभी होती. त्यानं तो झटकला, वैरणीवर पसरला, आणि मुद्दाम तोंड वर करून पसरला. दुपारचं ऊन त्या निळ्या कोटावर सरळ पडलं.

"आरं, रंग जाईल," धोंडुबाई म्हणाली.

"जाऊ दे," तो म्हणाला, आणि माडीवर गेला.

थोड्या वेळानं त्यानं खिडकीतून खाली बघितलं. विजयसिंह धार आटपून बाहेर आला होता. चरवी त्यानं पायरीवर ठेवली, टॉवेलला हात पुसले, फ्लेक्सकडं बघत जरा वेळ उभा राहिला. वर मात्र बघितलं नाही. मग त्यानं आईकडून दगड घेतले, फ्लेक्स उलटा केला आणि एकेक कोपरा पुन्हा घट्ट बांधला. बांधून झाल्यावर त्यानं चरवी उचलली आणि दूध द्यायला दुकानाकडं निघून गेला.