सत्काराच्या शाली आणि बिगोनियाचे कंद

पौषातली संध्याकाळ वेण्णा तळ्यावर मालकिणीच्या तोऱ्यात उतरते. ताम्रवर्ण, तलम, निष्ठुर. पाणी निश्चल, पाणगवत निश्चल, आकाश निरभ्र आणि निर्दय. वारा पडला की महाबळेश्वरची जुनी माणसं दारं लावून घेतात. वारा पडला, ढग नसले, की उंचावरची थंडी उतारावरून घरंगळते आणि तळ्याकाठच्या खोलगट जमिनीत येऊन साचते.

त्या खोलगट जमिनीत अच्युतराव खांडेपारकरांची हिरवळ होती. आणि त्या हिरवळीवर त्या संध्याकाळी बिगोनिया फुलला होता. शेंदरी, केशरी, मोतिया, पिवळा. रेशमी, दुमडीदुमडीचा, थाळीएवढा. फुलला होता आणि अक्षरांत उभा होता. अच्युतरावांनी त्याची रोपं लावून हिरवळीवर ‘सुस्वागतम्’ लिहिलं होतं.

बिगोनियाला काय म्हणावं? सुगंध नाही, कणा नाही, देठात नुसतं पाणी. उन्हात करपतो, पावसात कुजतो, हिमाचा एक कण पडला की मान टाकतो. असल्या नाजूक ऐषारामी फुलाची कीव करावी की हसावं, ते कळत नाही. पण त्याच्या मुळाशी एक कंद असतो. काळा, केसाळ, वाटीसारखा खोलगट, दिसायला अगदी ओंगळ. फूल मिरवतं आणि कंद जगतो.

अच्युतराव मिरवायचे. पुष्पमित्र मंडळाचे अध्यक्ष होते ते, आणि अध्यक्ष असण्याखेरीज फुलांशी त्यांचा काही संबंध नव्हता. हाताला माती लागली की त्यांना शिंका येत. तरी दर वर्षी फूल पुढे, फुलामागे अच्युतराव, अच्युतरावांच्या खांद्यावर शाल, हातात श्रीफळ. शाली घरी आल्या की त्यांच्या पत्नी शरयूबाई घडी घालून, डांबरगोळ्या पेरून त्या कपाटात ठेवत. जांभळ्या शाली, डाळिंबी शाली, जरीकाठी, झुळझुळीत, बिनउबेच्या शाली. त्यांतली एकही कुणी कधी पांघरली नाही.

बिगोनिया शरयूबाईंचा होता. पाचगणीला त्यांची आई गेली तेव्हा भावांनी घर घेतलं, वहिन्यांनी दागिने घेतले, शरयूबाईंनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मागून घेतला. डब्यात कोरडी वाळू, आणि वाळूत आईचे कंद. आई कार्तिक सरता सरता कंद काढायची, सुकवायची, वाळूत निजवायची. डबा देवघराखाली ठेवायची आणि चैत्रात उघडायची. लेकीनं तोच नेम चालवला. आईचं म्हणून त्यांच्यापाशी एवढंच उरलं होतं, आणि ते थंडीत मरणारं होतं.

यंदा नेम मोडला. मंडळाचा वार्षिक सोहळा कार्तिकात व्हायचा होता; प्रमुख पाहुण्यांना सवड नव्हती. मार्गशीर्षातही नव्हती. पाहुण्यांना सवड नाही म्हणून अच्युतरावांनी ऋतूला थांबवलं. व्हरांड्यात कुंड्यांवर विजेचे दिवे लावले, झोपेला आलेल्या रोपांना जागं ठेवलं, कळ्या धरायला लावल्या. आणि पाहुण्यांचा होकार येताच कुंड्या फोडून सगळा बिगोनिया हिरवळीवर उतरवला. स्वागत करायचं तर ते वाचता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. बुद्धी नसली की हौस फार लांब जाते.

शरयूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचंही कौतुक नको. इतकी वर्षं न बोलता घड्या घालणाऱ्या बाईनं हा अध्यक्ष आपल्या हातांनी वाढवला होता. कुंडीला खत घालावं तसं त्याला मौन घातलं होतं.

पण त्या संध्याकाळी वारा पडला. तळ्याचं पाणी काचेसारखं झालं. शरयूबाईंनी आकाशाकडे पाहिलं, हिरवळीकडे पाहिलं, आणि घरात जाऊन कपाट उघडलं.

स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर लावतात तशा बांबूच्या कमानी त्यांनी अक्षरांवर रोवल्या. कमानींवर शाली पसरल्या. पानाला कापड टेकू नये, मधे हवा राहावी, कडा मातीला चिकटाव्यात. डाळिंबी शालीखाली ‘सु’ निजला, जांभळीखाली ‘स्वा’. जरीच्या काठांवर सांजेची शेवटची लाली उतरली. आयुष्यात पहिल्यांदा त्या शाली कशावर तरी पांघरल्या गेल्या होत्या.

मंडळाचे चिटणीस बावळेकर खुर्च्या मांडून घ्यायला आले आणि थबकले.

“वैनी, ह्या तर सरांच्या शाली हायत.”

“हो. आजची रात्र फुलांना लागणार आहेत.”

अच्युतराव बाहेर आले. कानटोपी, गळपट्टा, एकावर एक दोन स्वेटर. थंडी त्यांना फार बाधायची. स्वतःची थंडी त्यांना नीट कळायची. शाली पाहून त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांनाच मातीत लोळवलं आहे.

“शरयू, लोकांनी सन्मानानं घातल्यात त्या माझ्या अंगावर. पाहुणे सकाळीच यायचे. त्यांनी घातलेली शालही यांत आहे. ती त्यांना चिखलात पडलेली दिसायला हवीय का?”

“अहो, उजाडताच काढते. आज हिम पडणार. आईचे कंद आहेत.”

“मग हिमाचा बंदोबस्त करू की. बावळेकर, मंडपाचं प्लास्टिक उरलंय ना?”

“प्लास्टिक पानाला टेकलं की पान जळतं,” शरयूबाई म्हणाल्या. “कंदापर्यंत जातं ते. आजची एक रात्र राहू द्या.”

“तू फार मनाला लावून घेतेस,” अच्युतराव म्हणाले. त्यांनी स्वतः वाकून, हलक्या हातानं, एकेक शाल उचलली, झटकली, कवटाळली. इतक्या मायेनं त्यांनी घरातलं मूलसुद्धा कधी उचललं नव्हतं. कमानी उपटल्या गेल्या. ‘सुस्वागतम्’वर प्लास्टिक अंथरलं गेलं, कडांना दगड ठेवले गेले. अध्यक्ष हळदीचं दूध पिऊन रजईत शिरले, शाली कपाटात शिरल्या, आणि शरयूबाई व्हरांड्यात बसून राहिल्या.

पहाट झाली ती पांढरी. तळ्याकाठचं गवत पांढरं, बोटींच्या फळ्या पांढऱ्या, कोळ्याच्या जाळ्याचा धागा न् धागा पांढरा. हौशी लोक मोटारी थांबवून ते हिम मुठीत घेत होते आणि छायाचित्रं काढत होते. सुंदर होती ती पहाट. सुंदर, आणि बेमुर्वत.

बावळेकरांनी प्लास्टिक ओढलं, तसं त्याला चिकटून पानंही आली. खाली फुलं नव्हती. काळा, पारदर्शक, बुळबुळीत लगदा होता, शिळ्या पालेभाजीसारखा. पण अक्षरं शाबूत होती. धवल गवतावर काळ्याकुट्ट अक्षरांत ‘सुस्वागतम्’ स्पष्ट वाचता येत होतं.

पाहुणे आले. गारठ्यात हात चोळत त्यांनी ते वाचलं आणि “वा, काहीतरी वेगळं,” असं म्हणाले. अच्युतराव म्हणाले, “संकल्पना माझीच.” यावर अधिक काही लिहिणं म्हणजे शाईचा अपमान आहे.

भाषणं सुरू झाली. पुष्पप्रेम, निसर्गसेवा, पुष्पप्रेम, निसर्गसेवा. आणि भाषणं चालली असताना शरयूबाई खुरपं घेऊन हिरवळीवर उतरल्या. सभेकडे पाठ करून, पदर खोचून, शेवटच्या अक्षरापासून त्यांनी सुरुवात केली. लगदा कापायचा, माती सैल करायची, कंद अंगठ्यानं दाबून पाहायचा. पहिला पचकन दबला. दुसरा दबला. तळ्याकडच्या अक्षरांत सगळे दबले, आणि प्रत्येक वेळी त्यांचा अंगठा क्षणभर तिथेच थांबला. सभेत कुजबुज सुरू झाली, कारण पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत स्वागत पुसलं जात होतं. शरयूबाई रडत होत्या आणि खणत होत्या, आणि दोन्ही गोष्टींची त्यांना लाज वाटत नव्हती.

‘सु’ उंचवट्यावर होता, दगडी बांधाच्या उबेला. तिथला पहिला कंद त्यांनी दाबला. तो दबला नाही. घट्ट, थंड, हट्टी होता. दुसराही. आईचा पिवळा बांधाला अगदी लागून होता. त्यांनी तो गालाला लावला, मातीसकट.

टाळ्या झाल्या. अच्युतराव व्यासपीठावरून उतरले, खांद्यावर नवी मोरपंखी शाल, हातात श्रीफळ. सवयीनं ते पत्नीपाशी आले, सवयीनं शाल काढून तिच्या हातावर टाकली.

“घडी करून ठेव.”

शरयूबाईंनी शाल गवतावर पसरली. तिच्यावर कंद मांडले, चिखलासकट, मुळांसकट, तुटक्या देठांसकट. चार टोकं धरली आणि गाठ मारली.

“अगं, आजची आहे ती. कपाटातली घे एखादी.”

“नको,” त्या म्हणाल्या. “त्यांना डांबरगोळ्यांचा वास येतो.”

आणि गाठोडं उराशी धरून त्या निघाल्या. घराकडे नव्हे. फाटकातून बाहेर, पाचगणीच्या रस्त्याकडे, त्याच चिखलाच्या पायांनी. बावळेकर बाजूला झाले. “वैनी, गाडी सांगू का?” त्यांनी विचारलं, आणि त्यांची मान हलली, होकाराची.

ऊन आलं, हिम विरलं. हिरवळीवर नुसते खड्डे उरले, कुणालाच न वाचता येणारे. खड्ड्यांच्या काठाशी अच्युतराव उभे राहिले. हातात श्रीफळ होतं, गळ्यात हार होता, खांदे उघडे होते. आणि वेण्णेवरून, इतक्या उशिरानं, वारा सुटला.