भिंतीवरच्या सासूबाई

टीव्हीवर आई सहा वेळा मेली होती आणि सहाही वेळा तिचा फोटो भिंतीवर लागला होता. आता खरीच गेली, तर शोकसभेत ठेवायला एकही धड फोटो सापडेना. सभा पाच वाजता. मावशीने कपाट उपसून जे काढलं त्यात आई कुठे पाठमोरी, कुठे अर्ध्या तोंडाची. नर्स, शेजारीण, वकिलाची थोरली बहीण असल्या अधूनमधून उगवणाऱ्या भूमिकांत तिची तीस वर्षं गेली. मुख्य पात्राला उजेड द्यायचा आणि आपण तिरकं व्हायचं, हे अंगात इतकं मुरलं होतं की लेकीच्या लग्नातही ती तिरकीच उभी होती.

मावशी वैतागली. मग तिलाच सुचलं, "अगं, मेल्यावरचे असतील की स्टुडिओत."

मुलगी तडक स्टुडिओत गेली. सेटचं सामान सांभाळणारे काका आईला पंचवीस वर्षं ओळखत होते. बातमी त्यांना कळली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि गोदामाचं दार उघडलं.

"कुठल्या मरणातला हवाय?"

अपघातातल्या फोटोत केसांचा टोप होता. विषप्रयोगातला वाळवीने खाल्ला होता. जिन्यावरून पडून मेलेली आई दोन महिन्यांनी जिवंत परतली, तेव्हा लाजेकाजेस्तव तो फोटो फाडून टाकावा लागला होता. बाकीचे दोन बघून मुलीने नुसती मान हलवली. राहिला एक. त्यात आई सरळ समोर बघत होती, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून. ते हसू काकांनीच आणलेलं. फोटो काढताना ते म्हणाले होते, "ताई, जिवंतपणी आठवड्यातून एक दिवस बोलवायचे. आता मेल्यावर रोज काम."

"पण तो कामावर आहे," काका म्हणाले.

आईला निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी फोटो नोकरीत होता. मालिकेतली सून रोज त्याच्यापुढे उभी राहून आपली गाऱ्हाणी सांगायची. आत्ताही तेच चाललं होतं, आणि सातव्या टेकलाही तिचं रडणं जमत नव्हतं. डोळ्यांत ग्लिसरीन घालून घालून ते टोमॅटोसारखे झाले होते. चार वाजत आले. दिग्दर्शकाला विचारलं, तर त्याने कपाळाला हात लावला. अर्धा प्रसंग फोटोसकट चित्रित झाला होता. उरलेल्या अर्ध्यात सासूबाई गायब झाल्या तर प्रेक्षक शिव्या घालणार.

मुलगी कॅमेऱ्यामागे उभी राहिली. चार दिवसांत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि समोर ही बया तिच्या आईला 'आई, आई' म्हणून आठव्यांदा हुंदके देत होती. मुलीला तिचा मनस्वी राग आला.

नाक पुसायला सून वळली आणि मुलीकडे बघतच राहिली. मग भिंतीकडे बघितलं. नाक तेच होतं.

"यांची मुलगी का तुम्ही?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दिग्दर्शकाला म्हणाली, "दादा, फोटो द्या त्यांना. मी सांभाळून घेते."

काकांनी स्टुलावर चढून फ्रेम उतरवली, आपल्या शर्टाने पुसली आणि मुलीच्या हातात दिली. ती दाराशी पोचते तोच वरचा लाल दिवा लागला. आता कुणी हलायचं नाही, दार उघडायचं नाही.

मागे सून रिकाम्या खिळ्यापुढे उभी राहिली.

"आई, तुमचा फोटो काच बसवायला दिलाय," ती म्हणाली. "भिंतीकडे बघवत नाहीये."

ग्लिसरीन न घालता सुनेला रडू फुटलं. तीस वर्षांत आईसाठी कुणी एक वाक्य बदललं नव्हतं. ती दुसऱ्यांच्या सोयीने मरायची आणि दुसऱ्यांच्याच सोयीने उठून बसायची. फ्रेम छातीशी धरून मुलगी दाराशी रडत राहिली, तोंडातून हूं की चूं न काढता, कारण आवाज रेकॉर्ड होत होता.