दुसऱ्या संघाचं गाव

देवरावांनी चपलेची टाच मातीत रोवली आणि तिथून सरळ रेषेत, सारखी पावलं टाकत ते चालू लागले. छत्तिसाव्या पावलाला थांबले, खाली वाकले, चिमूटभर माती घेऊन बोटांत चोळली. मुरूम टाकून दाबलेलं मैदान होतं. चेंडू इथे कुठेही वेडावाकडा उसळला नसता.

"पहिला बेस इथं येईल," ते म्हणाले.

शालिकरामचा चेहरा उजळला. तो सावनेरचाच, कोळसा खाणीच्या कचेरीत नोकरीला. कॉलनीतलं हे मैदान क्लबला मिळावं म्हणून महिनाभर साहेबांच्या मागे लागला होता. चारी बाजूंनी कुंपण होतं, दिव्याचे खांब होते, एका कोपऱ्यात खेळाडूंसाठी खोलीसुद्धा होती. बावीस वर्षांपूर्वी देवराव गोतमारे सरांनी प्रभात बेसबॉल क्लब काढला, तेव्हाचा शालिकराम हा पहिला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्या दिवसांत हातात बॅट दिसली की नागपूरचे लोक विचारायचे, मास्तर, हे मुसळ घेऊन कुठं चालले?

आता क्लबचे दोन संघ होते. मोठा संघ राज्यभर खेळायला जायचा. दुसऱ्या संघात तेरा ते अठरा वर्षांची एकोणीस मुलंमुली होती. दोन-तीन वर्षं तिथं घासून निघाली की त्यातली चांगली मोठ्या संघात जायची. ज्या शाळेच्या मैदानावर दोन्ही संघ खेळायचे तिथे आता नवी इमारत उठणार होती. मोठ्या संघाची शहरातच दुसरीकडे सोय झाली, पण तिथे दुसऱ्या संघाला जागा नव्हती. तो कुठे न्यायचा, हे ठरवायला अध्यक्ष सुमंत मुळ्यांनी दिवाळीनंतरच्या रविवारी गाडी काढली होती. बरोबर शालिकराम, देवराव आणि कामठीची नंदिनी पराते. तीही देवरावांच्याच हाताखाली घडलेली, आता एका शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि दुसऱ्या संघाच्या सरावाला त्यांना मदत करायची. तीन जागा पाहायच्या आणि देवराव सर म्हणतील ती पक्की करायची, असं ठरलं होतं.

मैदान उत्तम होतं, यात वाद नव्हता. पण सावनेरची मुलं संघात किती, असं सुमंतांनी विचारलं तेव्हा शालिकरामनं मान खाजवली. तीन होती. बाकीची येतील, तो म्हणाला, मैदान पाहून येतील.  देवराव आपले पाठमोरे उभे राहून दिव्याचे खांब पाहत होते, आणि मान जरा जास्तच वळवत होते.

तशी मान वळवायची सवय त्यांना गेल्या चार महिन्यांत लागली होती.

जुलैत एका संध्याकाळी ते मुलांना झेलांचा सराव देत होते. स्वतःच चेंडू उडवायचा, स्वतःच बॅटनं मारायचा, हे काम त्यांनी हजारो वेळा केलेलं. त्यांनी एक चेंडू जोरात उजवीकडे मारला. मारल्यावर सगळ्या मैदानानं एकदम श्वास घेतल्यासारखं काहीतरी त्यांच्या कानावर आलं. उजवीकडे, पंधरा हातांवर, हिमानी हेडाऊ खाली बसून बुटाची नाडी बांधत होती. चेंडू तिच्या कानाला वारा घालून गेला. पोरगी हसली. म्हणाली, सर, वाचली. देवरावांनीही हसून घेतलं. पण ती त्यांना दिसलीच नव्हती. सरळ समोरचं सगळं लख्ख दिसत होतं, आणि ती मात्र तिथं नव्हतीच.

आठ दिवसांनी ते एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची बाजूची नजर गेली होती, डाव्याचीही काठानं जायला लागली होती. गेलेली परत येत नाही, उरली ती थेंब टाकून राखायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी येऊन त्यांनी पुष्पलताबाईंना सांगितलं, डोळे कोरडे पडलेत. मैदानावर सांगितलं, खांदा दुखतो, म्हणून बॅट आता नंदिनीच्या हातात. पण मैदान काही त्यांच्यानं सुटलं नाही. रोज पाच वाजता ते शिट्टी गळ्यात अडकवून मधोमध जाऊन उभे राहायचे, आणि सराव संपेपर्यंत मान डावी-उजवीकडे फिरवत राहायचे.

कामठीचं मैदान गावाच्या टोकाला होतं. मैदान कसलं, मोकळी जागा. काळी माती, तिला पडलेल्या भेगा, मधे एक खड्डा आणि त्यात उतरलेल्या दोन शेळ्या. पलीकडच्या घरांतून हातमागांची खटखट एकसारखी येत होती. सुमंतांनी गाडीतून उतरून बुटांकडे पाहिलं आणि परत गाडीकडे पाहिलं. नंदिनी कामठीची असून कामठीसाठी एक शब्द बोलत नव्हती. संघातली अकरा मुलं इथली होती. रोज दोनदा ऑटो बदलून ती शहरात यायची, घरी पोचायला अंधार व्हायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी तिनं तो विषय काढला नाही.

दूर चार-पाच पोरं चेंडू फेकत होती. सरांना पाहून त्यांनी हात हलवले. देवराव समोर पाहत, पावलं मोजत चालले होते. उजव्या कानाशी एकदम चामड्यावर थाप पडावी तसा आवाज झाला. ते दचकून वळले. नंदिनी त्यांच्या अगदी शेजारी उभी होती आणि चेंडू तिच्या उघड्या पंजात होता. पंजा लाल झाला होता. फेकणारा पोरगा लांब कानाला हात लावून उभा होता.

नंदिनीनं चेंडू दुसऱ्या हातात घेतला, पंजा ओढणीला पुसला आणि विचारलं,

"किती पावलं झाली, सर?"

देवरावांना आकडा आठवेना.

शेवटी नागपूरच्याच कडेचं हुडकेश्वर. इथे सुमंतांचा आवाज चढला. नव्या लेआउटमधली मोकळी जागा होती, सपाट, कडेनं कडुनिंब, पाण्याचा नळ. मालक पाच वर्षांसाठी द्यायला तयार. आणि देवरावांचं घर तिथून चालत पाच मिनिटांवर. सुमंतांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तुम्ही बावीस वर्षं शहराच्या त्या टोकाला जात राहिलात, देवरावजी, आता मैदानच तुमच्या दारात आणून ठेवतो, ते म्हणाले. त्यांना हे मनापासून वाटत होतं. गेला महिनाभर त्यांनी जागेच्या मालकाकडे खेटे घातले होते ते यासाठीच. शालिकरामनंही आपला हट्ट सोडला. सरांच्या सोयीपुढे सावनेरचं काय बोलायचं?

देवरावांना त्या कडुनिंबांकडे पाहवेना. दारातलं मैदान म्हणजे रोजचं मैदान. दूर आहे, बस मिळाली नाही, अशी एकही सबब उरणार नव्हती.

चहा त्यांच्याच घरी ठरलेला होता. पुष्पलताबाईंनी दिवाळीचा उरलेला चिवडा आणि शंकरपाळे मांडले. सुमंतांनी विचारलं, मग काय ठरवता? देवरावांनी कप खाली ठेवला.

"कामठी," ते म्हणाले. "अकरा पोरं तिथली आहेत. संघ तिथं पायजे. नंदिनी सांभाळंल."

नंदिनीनं झटकन वर पाहिलं. शालिकराम बराच वेळ मान हलवत राहिला. मैदान सावनेरचं चांगलं आहे, तो म्हणाला, पण सरांनी दारातलं सोडलं, मग आपण कोणत्या तोंडानं मागायचं? सुमंत तर उठूनच उभे राहिले. हात जोडले. म्हणाले, स्वतःचा विचार न करणारी माणसं आता कुठे राहिली आहेत? क्लबच्या पुढच्या कार्यक्रमात आपण हे सगळ्यांसमोर सांगणार. पुष्पलताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर नवऱ्याचं कौतुक मावत नव्हतं.

देवरावांनी पुन्हा कप उचलला. चहा गोड होता. असंच राहू दिलं तरी चाललं असतं. कामठी लांब पडते, वय झालं, म्हणून ते हळूहळू जाणं कमी करतील आणि कोणाला काही कळणार नाही. वर त्यागाचा मान. दोन घोट ते त्या मानात बसून राहिले. तिसऱ्या घोटाला उचललेला कप त्यांनी ओठांपासून खाली घेतला.

"सुमंतभाऊ, बसा," ते म्हणाले. "हात नका जोडू मले."

सुमंत बसले.

"मले बाजूचं दिसून नाही राहिलं. उजव्या डोळ्यानं तर नाहीच. काचबिंदू आहे. जुलैत हिमानीच्या कानाजवळून चेंडू गेला तो माह्या हातचा होता, आणि पोरगी मले दिसली नव्हती. चार महिने मी लपवून राहिलो. कामठी बरोबरच आहे, पण मी त्यागबीग काही केला नाही. मले सुटाचं होतं."

 सुमंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शालिकराम खाली फरशीकडे पाहत होता. पुष्पलताबाई दारातून आत आल्या, देवरावांच्या हातातला कप त्यांनी काढून घेतला आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्या घरात पाहुण्यांसमोर त्या कधी अशा बसल्या नव्हत्या.

"कोरडेपणा म्हणे," त्या हळूच म्हणाल्या. "उद्या मी येतो डॉक्टरकडे."

देवरावांनी मान हलवली. त्यांना वाटलं होतं, सांगितल्यावर लाज वाटेल. पण छातीवरचं मणाचं ओझं कोणीतरी उचलून अंगणात ठेवावं तसं झालं होतं. त्यांनी बशीतला शंकरपाळा उचलला आणि खाल्ला. मग दुसरा. दुपारपासून आपल्याला भूक लागली होती, हे त्यांना तेव्हा कळलं.

सुमंतांना कार्यक्रमाचं काय करायचं ते सुचत नव्हतं. शेवटी ते एवढंच म्हणाले की मैदानातला खड्डा बुजवायला आणि मुरूम टाकायला मी माणसं पाठवतो. मुरूम मी आणतो, शालिकराम म्हणाला.

निघताना दोघं गाडीकडे गेले. नंदिनी अंगणात रेंगाळली. देवराव तिला सोडायला फाटकापर्यंत आले.

"सर, पोराइले माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"जुलैपासून कोणी तुमच्या उजवीकडून येत नाही. आमचा नियमच आहे तसा. नाडी बांधाची तर रेषेबाहेर. आणि एक जण रोज तुमच्या उजवीकडे उभा राहते. पाळी लावली आहे. आज माही होती."

देवराव फाटकाला धरून उभे राहिले. गेले चार महिने ते जातील तिथं सांगत होते की अशी शिस्तीची पोरं बावीस वर्षांत पाहिली नाहीत.

"कोणं लावली पाळी?"

"हिमानीनं."

"मंग मले काहून नाही सांगितलं वं?"

नंदिनीनं गाडीकडे पाहिलं. सुमंत तिच्यासाठी दार उघडून थांबले होते.

"तुमी सोडून जासान म्हणून," ती म्हणाली.

गाडी वळून गेल्यावरही ते बराच वेळ फाटकात होते. शेजारच्या यमुताई रस्त्यानं आल्या, दोनदा हाक मारली, मग अगदी समोर येऊन विचारलं की बरं आहे ना. बरं आहे, देवराव म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

खड्डा बुजायला, मुरूम पसरायला पंधरा दिवस लागले. कामठीचा पहिला सराव सोमवारी पाच वाजता होता. या, असं नंदिनीनं फोनवर सांगितलं होतं, पण आग्रह केला नव्हता. आपण गेलो तर आजही एक जण उजवीकडे उभा राहील, खेळायचं सोडून, असं देवरावांच्या मनात आलं. रविवारी येतो, पिचरांची चेंडूवरची बोटं पाहायला, असं त्यांनी कळवलं. बोटं तर हातात घेऊनच पाहायची असतात.

सोमवारी जेवण झालं, पुष्पलताबाईंनी थेंब टाकले, आणि पाच मिनिटं डोळे मिटून पडा म्हणून सांगून त्या भांड्यांना गेल्या. देवराव पडले. खिडकीच्या पडद्यातून ऊन पायावर येत होतं.

जाग आली तेव्हा खोली करड्या अंधारानं भरली होती. भिंतीवरचं घड्याळ पाहायला त्यांनी मान वळवली. सव्वासहा. क्षणभर ते धडपडून उठायला गेले, शिट्टी शोधायला उशीखाली हातही गेला. मग आठवलं. पाच वाजले होते, सराव झाला होता, संपलाही होता. बावीस वर्षांत पाचाच्या वेळेला ते कधी झोपलेले नव्हते.

उशाशी मोबाइल होता. त्यांनी तो हातात घेतला आणि पाहण्याआधी थोडा वेळ तसाच धरून ठेवला. गेले चार महिने सरावानंतर फोन वाजला की त्यांच्या मनात पहिलं हेच यायचं, कोणाला लागलं, कोणाच्या घरून आहे. त्यांनी मोबाइलचा पडदा डोळ्यांसमोर नीट धरला.

एकही फोन आलेला नव्हता. नंदिनीचा नाही, कोणाच्या घरचा नाही.

त्यांनी तो पुन्हा पाहिला. मग उशाशी पालथा ठेवला, भिंतीला टेकून बसले आणि आत हाक मारून चहा मागितला.