सोमवारची मीटिंग

आमच्या गावच्या दूध सोसायटीवर बायकांसाठी राखीव असलेल्या दोन जागांपैकी एक माझी. दुसरी सुंदरबाईंची, पण त्यांच्या खुर्चीवर त्यांचा मुलगा बसतो. मी मात्र स्वतः जाते, याचा मला थोडा गर्व होता. देव क्षमा करो.

सोमवारी माझं मौन असतं. सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत एक शब्द नाही. बावीस वर्षांचं व्रत. तीन वर्षांपूर्वी मी निवडून आले, तेव्हापासून मीटिंगही नेमकी सोमवारीच असायची आणि चेअरमन अर्जुनराव माझ्या उपवासासाठी आठवणीनं शेंगदाण्याचा लाडू मागवायचे. "वैनी, तुमी नुसतं बसा. तुमचं पुण्य आमाला लागू द्या," म्हणायचे. मला वाटे, केवढा मान ठेवतात माझ्या व्रताचा!

त्या वर्षी श्रावण कोरडा गेला. गावात सोसायटीच्या बोअरलाच काय ते पाणी होतं. त्याचा एक नळ रस्त्याकडेला वस्तीतल्या बायकांसाठी सोडलेला. भाद्रपदात अर्जुनरावांची मोसंबी पिवळी पडू लागली, आणि नळ बंद करून पाणी बागेला द्यायचा ठराव येणार, अशी कुजबुज सुरू झाली.

रविवारी वस्तीतली छबुबाई आली. तिच्या सुनेला आठवा महिना लागला होता.

"वैनी, नळ गेला तर पोरीला कोसभर चालावं लागंल. उद्या मीटिंगीत तेवढं बोला."

"उद्या माझं मौन गं."

"मंग बाईची जागा कावून धरून ठिवली? तितं दगड बसवला आसता तर लोकांनी शेंदूर तरी लावला आसता."

ती गेल्यावर मी एका कागदावर माझा विरोध लिहून ठेवला. मौनही राहील, कामही होईल.

सोमवारी मीटिंगला पेढे होते. बायकांना लोकसभेत तेहतीस टक्के जागा देणारा कायदा दिल्लीत नुकताच मंजूर झाला होता.

"घ्या वैनी. आता तुमाला खासदार करायचं," अर्जुनराव म्हणाले.

"आदी जनगणना, मंग मतदारसंघ, मंग वैनी," सेक्रेटरी गहिनीनाथ हसला. "तवर पेढा खाऊन घ्या."

मग ठराव वाचला. आमच्याकडे हात वर करत नाहीत. "कुणाचं काही म्हणणं?" एवढंच विचारतात. जो बोलला नाही, त्याला मंजूर. मी कागद पुढे सरकवला. गहिनीनाथानं वाचून त्याची घडी घातली.

"लेखी द्यायचं तर सात दिस आदी, वैनी. आज तोंडीच."

"आन तोंडी त्यांना जमायचं न्हाई," सुंदरबाईंचा मुलगा म्हणाला. "सोमवार उगं धरलाय का काकांनी?"

सगळे हसले. अर्जुनरावांनी त्याच्यावर डोळे वटारले, आणि मला कळलं. तीन वर्षांचे लाडू घशाशी आले.

मी महादेवाचं नाव घेतलं आणि बोलले. "माझा विरोध आहे. नळ बंद करू नका. तिथं गरोदर लेकीबाळी पाणी भरतात."

अर्जुनरावांनी हात जोडले.

"वैनी, आभाळात ढग न्हाई, आन आसल्यात तुमी बावीस वर्सांचं मौन मोडलं?"

बाराविरुद्ध एक. ठराव मंजूर. दिवे लागायच्या आत गावभर झालं होतं, की उरलासुरला पाऊस मनकर्णावैनीनं घालवला.

बुधवारी नळ कापला. मी घरच्या हौदातला एक हंडा भरून छबुबाईच्या दारात नेला. तिनं हात लावला नाही.

"नळ गेला ते गेला, वैनी. पर मौन कावून मोडलं?"

"तूच म्हणालीस ना, बोला म्हणून?"

"मी म्हनलं व्हतं. मी आडानी. तुमाला तर कळत व्हतं."

तिची सून आतून आली. काखेत रिकामी कळशी होती. माझ्या हंड्याला वळसा घालून ती कोसभरावरच्या विहिरीकडे चालू लागली.