मुल्हेरच्या दारातला वीर

मित्रांनो, माझी गोष्ट जरा घाईनेच ऐका. येत्या शनिवारी मला वितळवणार आहेत.

मी एक जुना चांदीचा टाक आहे. टाक म्हणजे देव्हाऱ्यात पुजायचा छोटा पत्रा. त्यावर देवाची, नाहीतर घराण्यातल्या एखाद्या वीराची मूर्ती ठोकून उठवलेली असते. माझ्यावर घोड्यावर बसलेला माणूस आहे. आहे कसला, होता! चिंच लावून घासता घासता त्याचं तोंड झिजलं, आणि उरलंसुरलं इथे अमेरिकेत चांदी उजळायच्या पावडरीने नेलं. आता घोड्याचे पाय तेवढे ओळखू येतात.

माझा जन्म बागलाणात, मुल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी झाला. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला खानदेश आणि मधे हा डोंगराळ मुलूख. सुरतेकडची वाट इथूनच जाई, म्हणून प्रत्येकाचा त्यावर डोळा. तिथे बागूल राजांनी तीनशे वर्षं राज्य केलं. कधी लढले, कधी खंडणी देऊन वेळ मारून नेली. जो गादीवर बसे तो स्वतःला ‘बहर्जी’ म्हणवून घेई. बाप बहर्जी, मुलगा बहर्जी, नातूही बहर्जी! शेवटी मोगलांचा वेढा पडला, तेव्हा शेवटच्या बहर्जीने आपल्या आईबरोबर गडांच्या चाव्या पाठवून दिल्या. माझा माणूस त्याआधीच गडाखालच्या दारात पडला होता. तो राजा नव्हता, दारावरचा साधा शिपाई होता. घोडासुद्धा त्याचा नव्हे. तो सोनाराने प्रेमाने दिलेला.

दर धुळवडीला ‘वीर काढत’, म्हणजे मला खोबऱ्याच्या वाटीत बसवून मिरवत बाहेर नेत. हलगी वाजे. घरातला कर्ता मला हातात घेऊन नाचे आणि वेशीपाशी माझ्या वीराचं नाव मोठ्याने पुकारी. ते कुठेही लिहिलेलं नाही. बापाने पुकारायचं, मुलाने ऐकायचं, एवढ्यावरच ते पिढ्यान् पिढ्या टिकलं. केवढा मान होता माझा!

नाव पुकारणारे शेवटचे म्हणजे श्रीरंग आजोबा. त्यांचा मुलगा यतीन टेक्सासात, फ्रिस्कोला नोकरीला. म्हातारपणी आजोबा त्याच्याकडे आले आणि त्यांच्या खिशातून मीही आलो. लहानपणी यतीनने ते नाव दरवर्षी ऐकलं होतं, पण त्याचं सगळं लक्ष पिचकारीकडे! इथे आल्यावर तर वीर काढणं बंदच पडलं. मी देव्हाऱ्याच्या मागच्या रांगेत गेलो. पुढे आजोबांना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग दिवस, मग माणसं. माझ्या जिवाचं पाणी पाणी होत होतं.

यंदा सून आसावरीच म्हणाली, “बाबा, ह्या वेळी वीर काढू या. मी रेकॉर्ड करते, म्हणजे कायमचं राहील.”

मला आभाळ ठेंगणं झालं. घरामागच्या हिरवळीवर फोनवर हलगी लागली. आजोबा थरथरत्या पायांनी दोन पावलं नाचले. त्यांची नात इशिता टाळ्या वाजवत होती. मग आजोबांनी तोंड उघडलं, आणि नाव येईना. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

“बाबा, नाव,” यतीन म्हणाला.

“बहर्जी!” आजोबा ओरडले.

नाही हो आजोबा, तो नाही! मी किती आकांत केला, पण पत्र्याचं कोण ऐकणार?

यतीनने लगेच फोनवर शोधलं. “आसावरी, बहर्जी म्हणजे किंग होता यार! आपण रॉयल फॅमिली निघालो!”

“सो आय ॲम अ प्रिन्सेस?” इशिताने उडीच मारली.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांकडे पोचला. कुणी चूक दाखवली नाही. ज्यांना ठाऊक होतं ते केव्हाच गेले, आणि पूर्वज म्हणून राजा कुणाला नको असतो? यतीनने नवा टाक करायला टाकला. वर छत्र, डोक्यावर मुकुट आणि खाली कोरलेलं नाव, बहर्जी. जुन्या टाकाची चांदी नव्यात घालायची रीत त्याने बरोबर लक्षात ठेवली. म्हणजे ते खोटं नाव आता माझ्याच अंगावर कोरलं जाणार!

काल दुपारी आजोबांनी मला हातात घेतलं. माझ्यावरून अंगठा फिरवत राहिले. एकदम म्हणाले, “हा राजा नाही. हा दारात होता.”

शेजारी इशिता होमवर्क करत होती. तिने मान वर केली. “देन हू वॉज ही, आजोबा?”

“त्याचं नाव...”

“वेट, वेट! मी फोन आणते. मम्माला रेकॉर्डिंग हवंय.” ती जिन्याने वर पळाली.

आणि आजोबांनी नाव घेतलं. अगदी स्पष्ट, वेशीपाशी घेत तसं. खोलीत कुणीही नव्हतं.

इशिता धापा टाकत आली. “ओके आजोबा, बोला.”

“काय बोलू, बेटा?” आजोबांनी विचारलं.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस काही सांगू लागलं, तर फोन आणायला उठू नका. तिथेच बसा आणि ऐका. माझं तर सगळं संपत आलं. पण त्या वेळी मी त्यांच्या हातात होतो, मी ऐकलं. आजोबा म्हणाले, “लखमा.” मुल्हेरच्या दारातला लखमा. शनिवारच्या आत तुमच्यापैकी कुणीतरी हे नाव एकदा मोठ्याने घ्या हो!