दस्त्यावरची पाकोळी

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे आणि माझ्या अंगावर आज जे काही कोरलेले दिसते, त्यातले निम्मे खोटे आहे. ते खोटे माझे नाही. माणसांनी ते माझ्यावर ठोकले आहे. मला जो एकच आवाज काढता येतो तो तुम्हाला ठाऊकच आहे, आणि त्या आवाजात कुणाला काही समजावून सांगता येत नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. पातळ फळ्या एकावर एक चिकटवून माझा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, केला होता. तपासनीस आला की प्रत्येक भाग उलटसुलट करून बघायचा आणि पसंत पडला की त्यावर इवलासा गरुड ठोकायचा. नळीवर माझा क्रमांक होता, बोल्टवर होता, अगदी स्क्रूच्या डोक्यावरही त्याचे शेवटचे आकडे होते. मला वाटले, केवढे हे आपले कौतुक! गुरांनाही असाच डाग देतात हे मला फार उशिरा कळले.

माझ्या पहिल्या मालकाबद्दल मी फारसे बोलत नाही. तो दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सैनिक होता, मला रोज तेल लावायचा, आणि त्याच्याबरोबर मी जळती गावे पाहिली. सर्बियाच्या डोंगरात एका वळणावर तो पडला आणि मी ओबरेनच्या हाती आले.

ओबरेन लिम नदीच्या वरच्या अंगाचा मेंढपाळ. मिसरूडही धड फुटलेले नव्हते. त्या डोंगरात प्रत्येक घराची आपापली खूण असते. कोकराच्या कानात ती चाकूने कापतात, म्हणजे कळप मिसळले तरी भांडण नको. ओबरेनच्या घराची खूण म्हणजे पाकोळी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटासारखी खाच आणि तिच्याखाली एक आडवी चीर. आई लवकर गेली होती, त्यामुळे खूण कापायला त्याला थोरल्या बहिणीने, स्तामेंकाने, शिकवले होते. पहिल्याच संध्याकाळी त्याने मला मांडीवर घेतले आणि चाकूने दस्त्यावर तीच खूण कोरली.

"आता तू आमच्या कळपातली," तो म्हणाला. "हरवू नकोस म्हणजे झालं."

मला कुणी आपले म्हटल्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

ओबरेन ज्या तुकडीतून जर्मनांशी लढत होता, तिच्यात सगळेच मेंढपाळ होते, म्हणून त्यांचा एक रिवाज पडला होता. कुणी लढता लढता पडला, तर त्याची बंदूक घेणाऱ्याने आपली खूण जुन्या खुणेच्या खाली कोरायची, तिला धक्का लावायचा नाही. आणि कुणी बंदूक टाकून पळाला, तर त्याच्या खुणेवर आडवी-उभी फुली मारायची. एवढ्यावरून पुढच्याला सगळे कळायचे.

हिवाळ्यात लिम ओलांडताना वरच्या कड्यावरून गोळ्या आल्या. दाट धुके होते. ओबरेन छातीभर पाण्यात होता आणि मला त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरले होते. गोळी लागली तेव्हा त्याच्या खांद्यावरची भाकरीची पिशवी सुटून वाहून गेली, पण मला त्याने सोडले नाही. मागून तुकडीतला मिलून नावाचा गडी आला. त्याला ओबरेनची बोटे एकेक करून उलगडावी लागली. ओबरेनला मात्र नदी घेऊन गेली. पलीकडे पोचल्यावर मिलूनने माझ्या दस्त्यावर, पाकोळीच्या खाली, आपल्या घराच्या तीन चिरा कोरल्या. पाकोळीला धक्का लावला नाही. शरद ऋतू आला तोवर मिलूनही गेला, आणि त्या धुक्यातले खरे काय ते सांगणारी मी एकटीच उरले.

युद्ध संपल्यावर मला शस्त्रशाळेत नेले. तिथे कानशीने माझे गरुड घासून काढले, नवे राष्ट्रचिन्ह ठोकले, नवा क्रमांक दिला. गरुड गेल्याचे मला दुःख झाले नाही. दस्त्यावरून हात फिरवून एक कामगार म्हणाला, "लाकूड टणक आहे, राहू दे," आणि माझ्या खुणा बचावल्या. मग मला ग्रीस फासून पेटीत ठेवले, ते लोक मला विसरूनच गेले.

कितीतरी वर्षांनी पेटीतून निघाले ती स्रेतेनच्या घरी. स्रेतेनला युद्धातल्या बंदुका जमवण्याचा नाद होता. माणूस वाईट नव्हता. भिंग लावून तो माझ्यावरचा ठिपका न ठिपका वाचायचा. कोणत्या वर्षीच्या दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी सपाट असते, कोणत्या वर्षीच्या पट्टीला काठ असतो, सगळे त्याला तोंडपाठ. फक्त जे कारखान्यात ठोकलेले नाही ते त्याच्या लेखी ओरखडे होते.

तालुक्याच्या सभागृहात त्याने प्रदर्शन मांडले आणि मलाही टेबलावर ठेवले. राजधानीहून त्याच्यासारखेच दोन शौकीन आले होते. त्यातल्या एकाने मला उचलले आणि हसत विचारले, "काय हो स्रेतेन, दस्ता उंदरांनी कुरतडला की काय?"

स्रेतेनचा चेहरा पडला. तेवढ्यात दुन्या नावाची एक तरुण मुलगी टेबलाशी आली. दस्त्याकडे बघून ती जागच्या जागी थबकली.

"काका, ही आमच्या आजीला दाखवाल का?" तिने विचारले.

"का गं? आजीला बंदुकांची आवड आहे वाटतं?"

"तसं नाही. बघायचीय तिला, एवढंच."

"मग रविवारी घेऊन ये," स्रेतेन म्हणाला.

एवढेच. तिने कारण सांगितले नाही. ज्या घराला वर्षानुवर्षे टोमणे ऐकावे लागतात, ते घर खात्री झाल्याशिवाय तोंड उघडत नाही.

पाहुणे येणार म्हणून स्रेतेन कामाला लागला. आधीच उंदरांचे बोलणे मनाला लागले होते. त्याने ओले फडके आणि इस्त्री घेऊन लाकडावरचे पोचे वाफेने फुगवून सपाट केले आणि मग रंधा हातात घेतला. पाकोळी आणि तिच्याखालच्या तीन चिरा पातळ भुसा होऊन जमिनीवर पडल्या. त्याने तो गोळा केला आणि चुलीत टाकला. वरून तेल, पॉलिश. घरी बनवलेल्या ठशाने त्याने दस्त्यावर नवाकोरा गरुड ठोकला, नळीवरचे राष्ट्रचिन्ह घासून तिथेही ठोकला, आणि जुना क्रमांक सगळीकडे जुळवून बसवला. मग त्याने शौकीन मित्राला फोन केला. "अगदी कारखान्यातून निघाली तशीच आहे," तो म्हणाला. "ती कुरतडलेली नव्हे, दुसरी हाती लागली. हिला कुणी हात लावलेला नाही."

रविवारी दुन्याची आजी आली, म्हणजे ओबरेनची बहीण स्तामेंका. पाठीत वाकलेली, काळा रुमाल बांधलेली. बरोबर दुन्या होती, आणि विदोसाव नावाचा एक म्हातारा. स्रेतेनच्या बायकोने रिवाजाप्रमाणे चमचाभर मुरंबा आणि पाणी पुढे केले. मग स्तामेंका बोलली, आणि त्या पेटीतल्या वर्षांत बाहेर काय घडले ते मला तेव्हा कळले.

युद्धात पडलेल्या जवानांची नावे कोरलेला एक दगड शाळेसमोर आहे. त्यावर ओबरेनचे नाव नाही. विदोसाव त्याच तुकडीत होता, पण त्या दिवशी तिच्यापासून तुटला तो कायमचा. त्याने काठावरून धुक्यात ओबरेनच्या अंगावरून काहीतरी पाण्यात पडताना पाहिले, पुढे ओबरेन दिसला नाही, आणि त्याने सांगितले की ओबरेन बंदूक नदीत फेकून पळाला. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, ओबरेनची बंदूक हल्ली मासे वापरतात. स्तामेंकाचे ठरलेले लग्न त्यावरून मोडले होते. पुढे एका विधुराने तिला पदरात घेतले, तेही उपकार केल्यासारखे.

"मी जे दिसलं ते सांगितलं," विदोसाव म्हणाला. "पण तुझी नात म्हणते तशी पाकोळी असेल, तिच्यावर फुली नसेल आणि खाली दुसऱ्याची खूण असेल, तर मी चुकलो. उद्याच पाथरवटाला बोलावतो. तुकडीतला मीच एक उरलोय, ती खूण मलाच वाचता येते."

स्रेतेनने मला आणून टेबलावर ठेवले.

विदोसावने दस्त्यावरून बोटे फिरवली. उलटा करून पुन्हा फिरवली. मग त्याने चष्मा लावून गरुड पाहिला.

"ही तर जर्मनाचीच," तो म्हणाला. "ही आपल्या हातात कधी आलेलीच नाही, स्तामेंका."

"आजी, मी या डोळ्यांनी पाहिली होती," दुन्या म्हणाली. "काका, तुम्ही सांगा ना. हीच होती ना ती?"

मित्रांनो, स्रेतेनने तेव्हा एक शब्द उच्चारला असता तर पुरे होते. पण मग तो गरुड घरचा आहे हेही सांगावे लागले असते, आणि त्याने शौकिनांना शब्द देऊन ठेवला होता.

"प्रदर्शनात बंदुका पुष्कळ होत्या, पोरी," तो म्हणाला. "दुसरी कुठली तरी असेल."

स्तामेंकाने हात पुढे केला. पाकोळी जिथे होती तिथेच, बरोबर तिथेच, तिने तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्याच हाताने कधीकाळी ओबरेनच्या मुठीत चाकू दिला होता. मी कधी नव्हे ती ओरडायला तयार होते, पण माझ्यात गोळी नव्हती.

"गुळगुळीत आहे गं," ती दुन्याला म्हणाली. "आमचा ओबरेन लाकूड कधी कोरं ठेवायचा नाही. चल." दारात ती थांबली आणि स्रेतेनच्या बायकोला म्हणाली, "मुरंबा छान झालाय हो तुमचा." त्या वर्षी बर्फ पडायच्या आधी ती वारली. दगड आहे तसाच आहे.

मित्रांनो, मला जपा असे मी सांगणार नाही. मी माणसे मारायला जन्मले आणि मला जपायची काही गरज नाही. पण घरात एखादी जुनी वस्तू सापडली आणि तिच्यावर ओरखडा दिसला, तर रंधा घेण्याआधी चारचौघांना विचारा, हा कुणी काढला आणि कशासाठी. घासलेले परत येत नाही.

स्रेतेन आजही दर रविवारी मला पुसतो, पण माझ्या दस्त्याकडे बघत नाही. माझे सगळे आकडे जुळतात. मी काचेच्या कपाटात असते, आणि माझ्यापुढे त्याच्याच सुरेख अक्षरातली चिठ्ठी आहे: 'मूळ स्थितीतील. हात न लागलेली.'